बालशिक्षणातील आंतरराष्ट्रीय व्यवसायसंधी

जन्मापासून साधारणतः आठ वर्षे वयापर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण या क्षेत्रात प्रशिक्षित व्यक्तींना स्वदेशाबाहेर मिळणाऱ्या नोकऱ्या, प्रशिक्षणाच्या सोयी आणि त्यासाठी लागणाऱ्या पात्रतेच्या मान्यतेची व्यवस्था यांचा समावेश बालशिक्षणातील आंतरराष्ट्रीय व्यवसायसंधी या विषयात होतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जर्मनी आदी देशांत बालशिक्षकांची दीर्घकाळ टंचाई आहे. भारतात या कामाचा अनुभव असलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, तथापि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हाती असलेले प्रमाणपत्र परदेशात ग्राह्य धरले जात नाही. या विषयातील बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून उद्भवतात. प्रस्तुत लेखात या व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप आणि नागपूर व विदर्भातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याची स्थिती यांचा परामर्श घेतला आहे.

संज्ञा व व्याप्ती

युनेस्कोच्या शिक्षणवर्गीकरणात बालशिक्षणाला शून्य क्रमांकाची पातळी दिली असून तिचे दोन भाग केले आहेत : तीन वर्षांखालील बालकांचा शैक्षणिक विकास आणि तीन वर्षांपासून प्राथमिक शाळेत प्रवेश होईपर्यंतचे पूर्व-प्राथमिक शिक्षण. परदेशी नोकरीच्या संदर्भात हा भेद केवळ तांत्रिक नाही. अनेक देशांत दोन्ही वयोगटांसाठी एकच पात्रता लागते आणि ती मिळविताना तीन वर्षांखालील मुलांबरोबर केलेल्या कामाचाही पुरावा द्यावा लागतो. भारतातील पाळणाघर हे मात्र अद्याप शिक्षणव्यवस्थेचा भाग मानले जात नाही.

मराठीत या क्षेत्रासाठी बालवाडी, बालक मंदिर, शिशुविहार, अंगणवाडी असे अनेक शब्द रूढ आहेत. विदर्भात, विशेषतः नागपुरात, इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शिशुवर्गास सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणण्याची रीत आहे, मग त्या शाळेचा ख्रिस्ती मठाशी काही संबंध असो वा नसो. परदेशी संस्थेकडे अर्ज करताना हा शब्द अनुभवाच्या दाखल्यात जसाच्या तसा गेल्यास संस्थेच्या स्वरूपाविषयी गैरसमज होऊ शकतो. म्हणून दाखल्यात मुलांचा वयोगट, वर्गाची पटसंख्या आणि शिक्षिकेचे प्रत्यक्ष काम स्पष्ट लिहिलेले असणे इष्ट ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बालशिक्षकांचे देशांतर ही अलीकडची घटना नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनांवर बंदी घातली व ती १८६० पर्यंत टिकली. १८४८ च्या क्रांतीच्या अपयशानंतर अनेक उदारमतवादी कुटुंबे आधीच देश सोडून निघाली होती. त्यांच्यातील फ्रोबेलच्या विद्यार्थिनींनी ही पद्धती आपल्याबरोबर नेली. बेर्टा रोंगे यांनी लंडनमध्ये, तर मार्गारेट शुर्त्स यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात वॉटरटाउन येथे किंडरगार्टन सुरू केले. बालशिक्षिका हा परदेशात जाऊन करण्याजोगा व्यवसाय म्हणून येथूनच दिसू लागतो.

भारतात प्रवाह प्रथम उलट दिशेने वाहिला. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील होते आणि तरुणपणी अर्थार्जनासाठी पूर्व आफ्रिकेत राहिले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा विवाहानंतरचा काही काळ अमरावतीत गेला. या दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे हे केंद्र कोसबाडला हलविण्यात आले व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते सांभाळले. महागड्या आयात साधनांऐवजी गारगोट्या, शंख, बिया, पाने यांच्यावर आधारलेली आणि मुलांच्या अंगणात जाऊन भरणारी बालवाडी ही त्यांची देणगी होय. माँटेसरी पद्धतीचे इतके काटकसरीचे रूपांतर अन्यत्र क्वचितच झाले असेल.

मारिया माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यार येथे आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली उतरल्यावर इटालियन नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. १९४६ पर्यंतच्या या मुक्कामात आणि त्यानंतरच्या भेटीत त्यांनी भारतात एक हजाराहून अधिक शिक्षक प्रशिक्षित केले.

नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम येथे याच काळात एक स्वतंत्र प्रयोग चालू होता. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीमचा पाया घातला गेला. प्रारंभी तिचा विचार सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता होता. १९४५ मध्ये गांधीजींनी तिची व्याप्ती जन्मापासून मृत्यूपर्यंत वाढविली, तेव्हा ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षण हा तिचा पहिला टप्पा ठरला. सेवाग्राममधील या कामाची धुरा शांता नारुळकर यांनी वाहिली. हिंदुस्तानी तालिमी संघाचे चिटणीस आर्यनायकम हे सिलोनचे आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली होत्या. विदर्भाच्या भूमीवरील बालशिक्षणाचा हा पहिला मोठा प्रयोग अशा रीतीने बाहेरून आलेल्या माणसांच्याही श्रमांवर उभा राहिला.

नागपूर व महाराष्ट्रातील प्रशिक्षण

नागपुरात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण प्रामुख्याने गृहविज्ञान शाखेतील ‘मानव विकास’ या विषयातून मिळते. लेडी अमृताबाई डागा महिला महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न श्रीमती रत्नीदेवी पुरोहित गृहविज्ञान महाविद्यालय ही यासाठी शहरातील परिचित संस्था आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातही गृहविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. विज्ञान वा अभियांत्रिकीच्या तुलनेत ही शाखा दुय्यम समजण्याची वृत्ती पालकांत आढळते, पण परदेशी मूल्यमापनात याच शाखेची पदवी अनेकदा अधिक उपयोगी पडते.

दुसरा मार्ग पदविकांचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांची पूर्व-प्राथमिक शिक्षण पदविका मान्य केलेली आहे. महाराष्ट्रात अधिक प्रचलित असलेले डी.एल.एड. हे मुख्यतः प्राथमिक शाळेसाठी आहे. यांखेरीज सहा महिने किंवा एक वर्षाचे असंख्य नर्सरी शिक्षक प्रशिक्षणाचे खासगी वर्ग गल्लोगल्ली चालतात. त्यांच्या जाहिरातींत ‘परदेशात मान्य’ असा उल्लेख असतो. वास्तविक कोणत्याही देशातील मान्यता ही तेथील सक्षम संस्थाच देऊ शकते. भारतीय वर्गचालकाने स्वतःच्या प्रमाणपत्राविषयी केलेले विधान त्या बाबतीत निरर्थक असते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा ‘पायाभूत स्तर’ शालेय रचनेत आणला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. याच धोरणातील चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमात पायाभूत स्तराचे विशेषीकरण घेता येते. परदेशी संस्था मागतात त्या स्वरूपाच्या पात्रतेशी भारतातील सर्वांत जवळचा ठरू शकेल असा अभ्यासक्रम सध्या हाच आहे. बारावीत असलेल्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवल्यास पुढील पुष्कळ वळसा वाचतो.

पात्रतेची मान्यता

परदेशातील बालशिक्षणाच्या नोकऱ्या स्थूलमानाने दोन थरांत विभागलेल्या असतात. वरचा थर पदवीधर शिक्षकाचा आणि खालचा पदविका वा प्रमाणपत्रधारक संगोपिकेचा. वेतन, व्हिसा आणि कायम निवासाची शक्यता या तिन्ही गोष्टी या थरावर अवलंबून असतात. मूल्यमापन करणारी संस्था सामान्यतः चार गोष्टी तपासते : उच्च शिक्षणाची एकूण वर्षे, अध्यापन प्रशिक्षण कोणत्या वयोगटासाठी होते, पर्यवेक्षणाखालील सरावपाठ किती दिवसांचे होते आणि भाषेवरील प्रभुत्व.

यांतील दुसऱ्या मुद्द्यावर भारतीय अर्जदारांची सर्वाधिक निराशा होते. एखाद्या शिक्षिकेकडे तीन वर्षांची कला शाखेची पदवी, दोन वर्षांचे बी.एड. आणि शिशुवर्गातील दहा वर्षांचा अनुभव आहे असे मानू. वर्षांची बेरीज पुरेशी भरते. परंतु बी.एड. हे माध्यमिक शाळेतील विषयाध्यापनाचे प्रशिक्षण आहे, त्यातील सरावपाठ आठवी-नववीच्या वर्गांवर झालेले असतात. तिचा अनुभव एका वयोगटाचा आणि प्रशिक्षण दुसऱ्या वयोगटाचे, यामुळे बालशिक्षक म्हणून तिचा अर्ज अमान्य होण्याचा संभव मोठा असतो. भारतात बी.एड. ही सर्व शिक्षकांची राजमान्य पदवी समजली जाते, त्यामुळे हा निर्णय अनेकांना अन्यायकारक वाटतो. मूल्यमापकाच्या दृष्टीने मात्र तीन वर्षांच्या मुलाला शिकविणे ही वेगळी विद्या आहे, आणि हा आग्रह शैक्षणिकदृष्ट्या चुकीचा म्हणता येत नाही.

सरावपाठांचा तपशील हा दुसरा अडथळा होय. भारतीय गुणपत्रिकेवर केवळ गुण असतात. किती दिवस, कोणत्या शाळेत, कोणत्या वयाच्या मुलांबरोबर सराव केला याचे पत्र महाविद्यालयाकडून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. पदवीनंतर बऱ्याच वर्षांनी असे पत्र मिळविणे कठीण जाते, म्हणून ते शिक्षण चालू असतानाच घेऊन ठेवणे श्रेयस्कर असते.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड

ऑस्ट्रेलियात २०१२ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आराखडा लागू आहे. त्यानुसार दोन वर्षांखालील चार मुलांमागे एक आणि दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक शिक्षक असणे बंधनकारक आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी बहुतेक प्रांतांत अकरामागे एक हे प्रमाण आहे. केंद्रातील किमान निम्म्या शिक्षकांकडे पदविका असावी वा ते ती घेत असावेत आणि उरलेल्यांनी किमान ‘सर्टिफिकेट थ्री’ घेतलेले वा घेत असलेले असावे, अशी अट आहे. शिक्षकांची मागणी कायम राहण्याचे मूळ या कायदेशीर प्रमाणांत आहे. नागपुरातील शिशुवर्गात एका बाईंसमोर तीस-चाळीस मुले बसलेली पाहण्याची सवय असलेल्यांना हे आकडे अविश्वसनीय वाटतात.

स्थलांतरासाठी बालशिक्षकाच्या पात्रतेचे मूल्यमापन ‘एआयटीएसएल’ ही संस्था करते. चार वर्षांचे उच्च शिक्षण, त्यात किमान एका वर्षाचे अध्यापन प्रशिक्षण आणि पंचेचाळीस दिवसांचा पर्यवेक्षित सराव या तिच्या प्रमुख अटी आहेत. आयईएलटीएस परीक्षेत वाचन व लेखनात ७ आणि श्रवण व संभाषणात ८ अशी उच्च श्रेणी ती मागते. संभाषणाची अट लेखनाहून कडक असण्यामागे तर्क आहे, कारण लहान मूल शिक्षकाचे बोलणे ऐकूनच भाषा शिकते. देशात प्रत्यक्ष काम करण्यासाठीची पात्रता ‘एसीईसीक्यूए’ ही वेगळी संस्था तपासते. दोन्ही मान्यता एकच आहेत असे समजून एकीवर विसंबणे ही नित्याची चूक आहे.

न्यूझीलंडचा बालशिक्षण अभ्यासक्रम ‘ते फारिकी’ हा १९९६ मध्ये आला व २०१७ मध्ये सुधारण्यात आला. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ विणलेली चटई. तत्त्वे व उद्दिष्टे एकमेकांत गुंफलेली असावीत आणि त्या चटईवर सर्वांना उभे राहता यावे, अशी त्यामागील कल्पना आहे. तेथे शिकविण्यासाठी पदवीची समकक्षता तपासून घेऊन टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. मुलाखतीत माओरी भाषा व रीतींविषयी किमान जाण अपेक्षित असते. बालशिक्षकाचा व्यवसाय त्या देशाच्या ‘ग्रीन लिस्ट’ या टंचाईच्या यादीत समाविष्ट आहे.

कॅनडा

कॅनडात हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत येतो. ऑन्टारिओत २००७ च्या कायद्याने बालशिक्षकांची स्वतंत्र व्यावसायिक परिषद स्थापन झाली आणि तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय ‘अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर’ ही उपाधी वापरता येत नाही. डॉक्टर वा वकिलाप्रमाणे बालशिक्षकाच्या उपाधीला कायद्याचे संरक्षण असणे ही भारतीय वाचकाला नवी वाटणारी गोष्ट आहे. २०२१ मध्ये संघ सरकारने दिवसाला सरासरी दहा डॉलरमध्ये बालसंगोपन उपलब्ध करण्याची योजना जाहीर केली. त्यामुळे जागांची मागणी वाढली आणि शिक्षक अपुरे पडू लागले. २०२५ मध्ये ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या निवड प्रणालीत शिक्षण क्षेत्राचा नवा गट करून त्यात बालशिक्षक व साहाय्यकांचा समावेश करण्यात आला.

भारतातून अनेकजणी तेथील महाविद्यालयात बालशिक्षणाची पदविका घेण्यासाठी विद्यार्थी म्हणून जातात. २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली असून पदवीनंतरच्या कामाच्या परवान्याचे नियमही बदलले आहेत. जुन्या माहितीवर कर्ज काढून प्रवेश घेणे त्यामुळे जोखमीचे झाले आहे.

ब्रिटन व जर्मनी

इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून ‘क्यूटीएस’ हा दर्जा लागतो. भारतासह काही देशांतील शिक्षकांना २०२३ पासून तो थेट मागता येऊ लागला, परंतु भारतीयांसाठी ही सोय अकरा ते सोळा वर्षे वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविणाऱ्यांपुरती आहे. बालशिक्षकांना तिचा उपयोग नाही. ‘अर्ली इयर्स टीचर’ हा वेगळा दर्जा अस्तित्वात आहे, मात्र तो मिळाल्याने क्यूटीएस मिळत नाही.

जर्मनीत तीन वर्षांवरील मुलांना १९९६ पासून आणि एक वर्षावरील मुलांना १ ऑगस्ट २०१३ पासून बालसंगोपन केंद्रातील जागेचा कायदेशीर हक्क आहे. पालक त्यासाठी न्यायालयात जाऊ शकतात. या केंद्रांतील मुख्य कर्मचारी ‘एर्त्सीअर’ म्हणून ओळखला जातो. त्याचे प्रशिक्षण विद्यापीठात नव्हे तर व्यावसायिक विद्यालयात होते आणि परदेशी पात्रतेची मान्यता प्रत्येक घटकराज्य स्वतंत्रपणे देते. जर्मन भाषा बी-टू वा सी-वन पातळीपर्यंत येणे आवश्यक असते. शून्यापासून तेथवर पोहोचण्यास नियमित अभ्यासाची दीड-दोन वर्षे सहज लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून राज्यात जर्मन शिकण्याकडे ओढा वाढला आहे.

आखाती देश, सिंगापूर व अमेरिका

आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोठ्या संख्येने असल्याने तेथील बालवर्गांत भारतीय शिक्षिकांना तुलनेने सहज प्रवेश मिळतो. पतीच्या नोकरीमुळे तेथे राहणाऱ्या स्त्रियांची नेमणूक शाळा पसंत करतात, कारण व्हिसा व घरभाड्याचा भार शाळेवर पडत नाही. वेतन त्यामुळे बेताचे राहते. सिंगापुरात २०१३ मध्ये स्थापन झालेली ‘ईसीडीए’ ही संस्था शिक्षकांना प्रमाणित करते.

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाधारकाची पत्नी म्हणून एच-फोर व्हिसावर राहणाऱ्या स्त्रियांना सर्वसाधारणपणे काम करता येत नाही. पतीच्या कायम निवासाच्या अर्जाचा ठरावीक टप्पा पूर्ण झाला असल्यास २०१५ च्या नियमानुसार काम करण्याची परवानगी मागता येते. अशा अनेक सुशिक्षित मराठी स्त्रिया नव्याने सुरुवात करताना बालशिक्षणाकडे वळतात. ‘सीडीए’ हे तेथील सर्वांत परिचित प्राथमिक प्रमाणपत्र १२० तासांचे प्रशिक्षण आणि ४८० तासांचा अनुभव यांवर मिळते. पदवीचे मूल्यमापन करून घेण्याच्या दीर्घ प्रक्रियेपेक्षा हा मार्ग सुटसुटीत असतो.

माँटेसरी पदविका

१९२९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटनेची, म्हणजे ‘एएमआय’ची, पदविका अनेक देशांतील माँटेसरी शाळा स्वीकारतात. मुंबई, हैदराबाद व चेन्नई येथे तिची मान्यताप्राप्त केंद्रे आहेत. नागपूरच्या विद्यार्थिनीला त्यासाठी वर्षभर बाहेरगावी राहणे भाग पडते. माँटेसरी हे नाव वापरण्यावर कोणताही कायदेशीर निर्बंध नाही, त्यामुळे फलकावर हे नाव असणारी प्रत्येक प्रशिक्षण संस्था या संघटनेशी संलग्न असेलच असे नाही. शिवाय एएमआय पदविका म्हणजे त्या देशाची शासकीय शिक्षक-नोंदणी नव्हे. ती नोकरीच्या बाजारात उपयोगी पडते, व्हिसाच्या अर्जात तिचा उपयोग मर्यादित असतो.

भरती व कागदपत्रे

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने उत्प्रवास अधिनियम, १९८३ अन्वये नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. लाखांत रक्कम मागितली जाते तेव्हा ती भरतीच्या नावाखाली नसून ‘समुपदेशन’ वा ‘प्रक्रिया’ अशा नावांखाली असते. विद्यार्थी-व्हिसाचे सल्लागार या नोंदणीच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबत उमेदवाराला स्वतःच चौकशी करावी लागते. घरकामाला वा मूल सांभाळायला ‘शिक्षिका’ या नावाखाली नेण्याचे प्रकार टाळण्यासाठी करारात पदनाम, कामाचे ठिकाण, तास आणि वेतन यांचा स्पष्ट उल्लेख पाहावा.

राष्ट्रकुल देशांनी २००४ मध्ये शिक्षकभरतीविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. शिक्षकाला करार आधी दाखविणे आणि त्याची पात्रता यजमान देशाने न्याय्य रीतीने तपासणे या गोष्टी तिच्यात आहेत. ती कायद्याने बंधनकारक नाही.

भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. सदस्य देशांसाठी पदवी व गुणपत्रिकांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. संयुक्त अरब अमिरातीसाठी वकिलातीचे साक्षांकन लागते. पोलीस पडताळणीचा दाखला सर्वच देश मागतात, कारण मुलांशी संबंधित कामात गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी अनिवार्य असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पदवी, पारपत्र आणि अनुभवाचा दाखला यांवरील नावांतील तफावत हे विलंबाचे नेहमीचे कारण असते. मधल्या नावाच्या जागी वडिलांऐवजी पतीचे नाव येण्याची महाराष्ट्रातील पद्धत परदेशी अधिकाऱ्याला समजावून सांगताना विवाह नोंदणी दाखला व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

अनुभवाचे मूल्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील अंगणवाडी सेविका ही भारतातील सर्वांत मोठ्या संख्येची बालशिक्षिका होय. ती पूर्व-शालेय शिक्षणाबरोबर पोषण, वजनाच्या नोंदी, लसीकरणासाठी पाठपुरावा आणि गृहभेटी अशी कामे करते. परदेशात यांपैकी प्रत्येक कामासाठी वेगळा पगारी कर्मचारी असतो. शासनाच्या लेखी मात्र ती मानधनावरील कार्यकर्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान मिळण्यास पात्र असल्याचा निर्णय दिला. वेतनश्रेणीच्या मागणीसाठी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर त्यांचे मोर्चे नागपुरात येतात. ‘नेमणूक’, ‘वेतन’ व ‘पद’ असे शब्द नसलेला मानधनाचा दाखला परदेशी मूल्यमापकापुढे नोकरीचा पुरावा म्हणून दुबळा ठरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बालशिक्षण कर्मचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत या कर्मचाऱ्यांना इतर शिक्षकांशी तुल्य दर्जा देण्याची शिफारस आहे.

मातृभाषेचे ज्ञान ही मराठी शिक्षिकेची आणखी एक जमेची बाजू आहे. ऑस्ट्रेलियाचा बालशिक्षण आराखडा व न्यूझीलंडचा ‘ते फारिकी’ हे दोन्ही मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात स्थान देतात. स्थलांतरित भारतीय कुटुंबे अधिक असलेल्या वस्त्यांत हिंदी वा मराठी येणाऱ्या शिक्षिकेची मदत मुलाच्या पहिल्या काही आठवड्यांत विशेष होते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने मराठी शाळा चालतात. त्यांतील काम स्वयंसेवी असते आणि त्यास वेतन नाही. तेथील शिक्षकांना मुलांबरोबर काम केल्याचा लेखी दाखला मिळाल्यास पुढील प्रशिक्षणासाठी अर्ज करताना तो अनुभव म्हणून सादर करता येतो.